बंदी भोगून परतलेले सायकलपटू: टाळ्या कुणाला, बहिष्कार कुणाला?

चाकोरी
रविवार, रात्री १०.४०

मंडळी, हा धागा बरेच दिवस डोक्यात घोळत होता. एका दृश्यापासून सुरुवात करतो.

२३ जुलै २००४. टूर द फ्रान्सचा अठरावा टप्पा, आनमासहून लाँ-ल-सोनिएकडे. पॅरिस दोन दिवसांवर आलेलं. पिवळी जर्सी लान्स आर्मस्ट्राँगच्या अंगावर आणि दुसरा इव्हान बास्सो चार मिनिटं मागे, म्हणजे शर्यत जिंकल्यातच जमा. पुढे सहा जण निसटले आहेत, पण त्यातल्या कुणाचाच आर्मस्ट्राँगला धोका नाही. इतक्यात फिलिप्पो सिमेओनी नावाचा इटालियन घोळक्यातून सुटतो आणि त्या सहा जणांना गाठायला निघतो. एकूण वेळेत हा गडी दोन तासांहून जास्त मागे. तरी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून कोण येतं? खुद्द पिवळी जर्सी.

दोघं पुढच्यांना गाठतात. आता पिवळी जर्सी आपल्यात आहे म्हटल्यावर मागचे संघ आपल्याला सोडणार नाहीत, हे त्या सहा जणांना लगेच कळतं. ते सिमेओनीला सांगतात, बाबा, तू मागे जा. तो जातो. आर्मस्ट्राँगही त्याच्यासोबत मागे येतो, आणि कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून झिप ओढल्याची खूण करतो.

सिमेओनीचा गुन्हा एवढाच होता की त्याने डॉक्टर मिकेले फेरारीविरुद्ध इटलीतल्या न्यायालयात साक्ष दिली होती. मी ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध) घेतलं आणि ते या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलं, असं शपथेवर सांगितलं होतं. काही महिन्यांची बंदीही भोगली होती. फेरारी हे आर्मस्ट्राँगचेही सल्लागार. म्हणजे चूक केली, कबूल केली, शिक्षा भोगली आणि परत आला, असा हा माणूस. त्याला भर शर्यतीत, जगासमोर, गप्प बस म्हणून सांगण्यात आलं. घोळक्यातल्या बऱ्याच जणांना त्यात काही वावगंही वाटलं नाही.

याच्या शेजारी रिशार विरांकला ठेवून बघा. जुलै १९९८ मध्ये फेस्टिना संघाच्या मालिशवाल्याची गाडी फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवर अडवली गेली आणि तिच्यात ईपीओसकट शेकडो कुप्या सापडल्या. संघातले बहुतेक जण कबूल झाले. विरांक मात्र दोन वर्षं 'मी नाही त्यातला' म्हणत राहिला. ऑक्टोबर २००० मध्ये लील शहरातल्या न्यायालयात न्यायाधीशांसमोर अखेर कबूल झाला. काही महिन्यांची बंदी झाली. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये परतून त्याने पॅरिस-तूर ही शर्यत जिंकली. २००२ मध्ये माँ व्हाँतूच्या माथ्यावर पहिला आला. २००४ मध्ये सातव्यांदा ठिपक्यांची जर्सी मिळवली (आपल्या मुंबई-पुणे शर्यतीच्या भाषेत 'घाटाचा राजा'). फ्रेंच प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

आणि त्याच फेस्टिना संघात क्रिस्तोफ बासों होता. चौकशीत त्याच्या सहकाऱ्यांनीच सांगितलं की आमच्यात न घेणारा हाच. १९९९ च्या टूरमध्ये तो फ्रेंच वर्तमानपत्रात रोज लिहायचा आणि डोपिंगबद्दल उघड बोलायचा. आल्प द्युएझच्या टप्प्यावर आर्मस्ट्राँगने त्याला गाठून घरी जायला सांगितलं. घोळक्यात त्याच्याशी कुणी बोलेना. दोन-तीन दिवसांत त्याने टूर सोडली आणि २००१ मध्ये सायकलिंगच सोडलं. त्याने काही केलंच नव्हतं, त्यामुळे त्याची बंदी संपून तो परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

परतणाऱ्यांवर माझा राग नाही. शिक्षा संपली की माणसाला रस्ता मोकळा असावा, याच मताचा मी आहे. पण ज्याने तोंड मिटून ठेवलं त्याला टाळ्या आणि ज्याने उघडलं त्याला बहिष्कार, हा हिशोब मला अजूनही पटत नाही. तुम्हाला काय वाटतं? मनापासून लिहा.

---

पिवळी_जर्सी
रविवार, रात्री ११.२५

चाकोरी, लिहिलंय जोरदार, पण मी दुसऱ्या बाजूचा.

मी स्पेनच्या वाल्वेर्देचा भक्त आहे आणि ते लपवणार नाही. ३० सप्टेंबर २०१८, इन्सब्रुक. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याने आधी सहा पदकं घेतली होती, दोन रौप्य आणि चार कांस्य. सोनं एकदाही नाही. वय ३८. शेवटच्या पट्ट्यात तो पुढे, बार्दे आणि वूड्स मागे. रेषा ओलांडल्यावर तो जो रडला, ते बघताना मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो. पदक घालायला आधीचा विजेता सागान स्वतः आला. हे सगळं खोटं होतं असं मला कुणी सांगू नये.

त्याला क्रीडा लवादाने २०१० मध्ये दोन वर्षांची बंदी दिली, ती त्याने भोगली. २०१२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात परतला आणि त्याच शर्यतीत विलुंगाच्या टेकडीवर टप्पा जिंकला. त्यानंतर दहा वर्षं चाचण्या देत राहिला. कायद्याने दिलेली शिक्षा संपल्यावर समाजाने आपली वेगळी शिक्षा सुरू ठेवायची का? ब्रिटिश ऑलिम्पिक संघटनेचा तोच नियम होता, एकदा सापडलात की आयुष्यभर ऑलिम्पिक नाही. एप्रिल २०१२ मध्ये क्रीडा लवादाने तो मोडीत काढला, कारण एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा होत होत्या. मला तो निकाल योग्य वाटतो.

---

चाकोरी
रविवार, रात्री ११.५८

पिवळी_जर्सी, इन्सब्रुकला मीही उभा राहिलो होतो. म्हणूनच हे जास्त लागतं.

मे २००६ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी माद्रिदमध्ये खेळाडूंना डोपिंग पुरवण्याचा संशय असलेल्या डॉ. फुएन्तेसच्या जागांवर छापे घातले आणि रक्ताच्या दोनशेवर पिशव्या जप्त केल्या. त्यातली १८ नंबरची पिशवी, तिच्यावर 'वाल्व. पिती' असं लिहिलेलं. दोन वर्षं कुणाला काही सिद्ध करता येईना. मग २००८ ची टूर एका टप्प्यापुरती इटलीत शिरली, प्रातो नेव्होसोला. तिथे इटालियन अधिकाऱ्यांनी वाल्वेर्देच्या रक्ताचा नमुना घेतला आणि त्याचा डीएनए त्या पिशवीशी जुळवला. तो जुळला.

त्यावर त्याच्या तोंडून आजवर कबुलीचा एक शब्द नाही. बास्सोचंही नाव त्याच प्रकरणात होतं. तो निदान 'डोपिंगचा प्रयत्न केला' एवढं तरी म्हणाला. तेही अर्धंच. पण २०१० चा जिरो (इटलीची टूरसारखी मोठी शर्यत) त्याने परतून जिंकला तेव्हा तो कुठून परत आलाय हे बघणाऱ्याला माहीत होतं. वाल्वेर्देच्या बाबतीत बंदी म्हणजे नुसती कॅलेंडरवरची रिकामी पानं. कायद्याची शिक्षा संपली हे तुमचं म्हणणं मान्य. त्याला शर्यतीतून काढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मी विचारतोय ते टाळ्यांबद्दल. त्या कायद्याने मिळत नाहीत, आपण देतो.

---

नाडीपरीक्षा
सोमवार, सकाळी ७.१०

मी डॉक्टर आहे, रक्तपेढीत काम केलंय. भावनेचं तुम्ही बघा, मी शरीराचं सांगते.

ईपीओ किंवा रक्त चढवून घेण्याचा थेट फायदा तात्पुरता असतो. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, पुढे शरीर आपल्या मूळ पातळीवर येतं. तेव्हा 'दोन वर्षांनी परतला तरी तेच रक्त घेऊन आलाय' असं म्हणता येत नाही.

स्नायू बनवणाऱ्या औषधांचं मात्र वेगळं आहे. ओस्लो विद्यापीठात गुंडरसन यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर स्नायूंच्या तंतूंमध्ये नवी केंद्रकं तयार झाली. औषध बंद केल्यावर स्नायू पूर्वीएवढे झाले, पण ती केंद्रकं तशीच राहिली. तीन महिन्यांनी व्यायाम दिला तेव्हा त्या उंदरांचे स्नायू सहा दिवसांत सुमारे ३० टक्के वाढले, बाकीच्यांचे जवळजवळ नाहीच. उंदराचे तीन महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा तुकडा. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण बंदी संपली की फायदाही संपला असं गृहीत धरू नका. २०१५ पासून मुद्दाम केलेल्या डोपिंगला चार वर्षांची बंदी आली, ती मला या कारणानेही बरी वाटते.

आणि रिकार्दो रिक्कोचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २००८ च्या टूरमध्ये दोन टप्पे जिंकला आणि सेरा नावाच्या ईपीओच्या नव्या प्रकारात सापडला. २०१० मध्ये परतला. फेब्रुवारी २०११ मध्ये मोदेना भागातल्या रुग्णालयात मरणाच्या दारात पोचला. घरच्या फ्रिजमध्ये २५ दिवस ठेवलेलं स्वतःचं रक्त चढवून घेतल्याचं त्याने डॉक्टरांना सांगितलं, अशी नोंद झाली. पुढे बारा वर्षांची बंदी बसली.

हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमचा रक्तपेढीतला फ्रिज आला. तापमान २ ते ६ अंश, चोवीस तास नोंद, जरा वर-खाली झालं की घंटा वाजते. एखादी पिशवी अर्धा तास बाहेर राहिली तरी ती परत आत ठेवायची नाही, असा आमचा दंडक होता. आणि हा मुलगा, वय २७, घरच्या फ्रिजमधली पिशवी हाताला लावून बसला. राग नंतर येतो. त्याच्या शेजारी कुणीच नव्हतं का, हेच आधी मनात येतं.

---

दूरदेशी
सोमवार, दुपारी १.३५

बेल्जियमहून. २०१० च्या एप्रिलमध्ये लिएज-बास्तोन-लिएज ही शर्यत बघायला आँसच्या चढावर उभी होते. शेजारच्या आजोबांनी फ्लास्कमधली कॉफी दिली होती, सगळे आनंदात होते. विनोकुरोव पहिला येताना दिसला आणि हुर्यो सुरू झाली. त्या आजोबांनी फक्त पाठ फिरवली. २००७ च्या टूरमध्ये दुसऱ्याचं रक्त चढवल्याबद्दल पकडला गेलेला आणि नुकताच परतलेला.

दोन वर्षांनी लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यानेच सोनं जिंकलं. तेव्हा मी टीव्हीसमोर होते आणि मला ते आजोबा आठवले.

---

रानवारा
सोमवार, सायंकाळी ६.२०

चाकोरी, तुझ्या धाग्यात डेव्हिड मिलर नाही हे मला खटकलं. तुझं म्हणणं त्याच्याशिवाय अर्धवट राहतं.

जून २००४. स्कॉटलंडचा मिलर, घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचा जगज्जेता. फ्रान्समध्ये बियारिट्झजवळ एका हॉटेलात जेवायला बसलेला असताना साध्या वेषातले पोलिस आले. त्याच्या घराची झडती घेतली तर दोन वापरलेल्या सिरिंज सापडल्या. ईपीओच्या. आदल्या वर्षीच्या, त्याने स्वतःच जपून ठेवलेल्या. आपण काय केलंय याची आठवण म्हणून. चाचणीत तो कधीच सापडला नव्हता. त्या दोन सिरिंज फेकून दिल्या असत्या तर कदाचित कधीच सापडला नसता.

कोठडीत तो कबूल झाला. जगज्जेतेपद गेलं, दोन वर्षांची बंदी आली. २००६ च्या जूनअखेर बंदी संपली आणि लगेच १ जुलैला स्ट्रासबुर्गहून टूर सुरू होणार होती. आदल्याच दिवशी फुएन्तेसच्या पिशव्यांच्या प्रकरणात बास्सो, उलरिख आणि आणखी काही जणांना टूरमधून घरी पाठवण्यात आलं. म्हणजे एक जण बंदी संपवून आत येतोय आणि त्याच दारातून बाकीचे बाहेर जाताहेत.

परतल्यावर तो गप्प बसला नाही. जिथे विचारलं तिथे बोलला, स्वतःचं नाव घेऊन बोलला. पुढे वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) खेळाडू समितीवर गेला. २०१२ च्या टूरमध्ये १३ जुलैला त्याने टप्पा जिंकला. बरोबर ४५ वर्षांपूर्वी त्याच तारखेला ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन माँ व्हाँतूवर कोसळून गेला होता, उत्तेजकं पोटात असताना. त्या दिवशी रेषा ओलांडल्यावर मिलर रस्त्यावरच आडवा पडला. नंतर पत्रकारांसमोर जिंकल्याच्या आनंदातही त्याने आपलं जुनं डोपिंग स्वतः होऊन काढलं.

टाळ्या द्यायच्या तर मी इथे देईन.

---

सईची_आई
सोमवार, रात्री ९.०५

मला सायकलिंगमधलं फारसं कळत नाही, पण धागा पूर्ण वाचला. माझी लेक पंधरा वर्षांची आहे, ट्रॅक सायकलिंग करते, यंदा राज्यस्तरावर जाईल. तिच्या बरोबरच्या मुलांकडे पावडरीचे डबे असतात. 'काकू, सगळेच घेतात, साधं प्रोटीन आहे' म्हणतात. तुम्ही पिशव्या आणि सिरिंजांचं लिहिताय, मला त्या डब्याची भीती वाटते. चुकून काही पोटात गेलं तर पोरीचं काय?

---

रानवारा
सोमवार, रात्री ९.५०

ताई, भीती अगदी रास्त आहे. अल्बेर्तो कोंतादोरचं प्रकरण याच प्रश्नावरचं. २१ जुलै २०१० ला टूरच्या विश्रांतीच्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, एका मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम. म्हणजे ग्रॅमचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातले पन्नास. तो म्हणाला, स्पेनमधून आणलेल्या मांसातून आलं. लवादाला ते पटलं नाही आणि रक्त चढवल्याचंही पटलं नाही. दूषित पूरक आहारातून आलं असण्याची शक्यता त्यांना जास्त वाटली. तरीही दोन वर्षांची बंदी झाली आणि २०१० ची टूर आणि २०११ चा जिरो दोन्ही गेले. कारण नियम असा आहे की तुमच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची. कुणी घातलं, कसं गेलं, हे सिद्ध करणं तुमच्यावर. (तो २०१२ च्या ऑगस्टमध्ये परतला आणि लगेच व्हुएल्टा (स्पेनची तशीच मोठी शर्यत) जिंकला. त्याच्याबद्दल माझं मत मलाच ठरवता येत नाही.)

---

नाडीपरीक्षा
सोमवार, रात्री १०.१५

सईच्या आई, एक व्यवहाराची गोष्ट. डब्याइतकंच घरातल्या औषधाच्या कपाटाकडे बघा. आपल्याकडे खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये टर्ब्युटालीन असतं आणि ते वाडाच्या बंदी यादीत आहे. मुलीला सर्दी-खोकला झाला तर दुकानातून आपणहून काही आणू नका. डॉक्टरांना आधी सांगा की ही स्पर्धेत उतरते, आणि चिठ्ठी जपून ठेवा. पावडरीची पंधराव्या वर्षी गरज नाही. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे पुरतात. आणि तिला सगळं घरी येऊन सांगायची सवय ठेवा, हे मी आई म्हणून सांगते.

---

खोपोली_ते_खंडाळा
मंगळवार, पहाटे ५.३०

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी शर्यती मारायचो. मुंबई-पुणे बघतच मोठा झालो. बोर घाटात रस्त्याच्या कडेला वडिलांच्या खांद्यावर बसून 'घाटाचा राजा' कोण होतो ते बघायचो. नंतर स्वतः उतरलो. ही गोष्ट त्या शर्यतीतली नाही, दुसऱ्या एका घाटातल्या शर्यतीतली आहे. तिचं नाव लिहीत नाही.

घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीमागे आम्ही सायकली टेकवल्या होत्या. माझा जोडीदार, एकाच गावचे आम्ही, एकाच सायकलवर शिकलो, कागदाची पुडी घेऊन आला. वर्तमानपत्राचा तुकडा, त्यात दोन गोळ्या, पिवळट, कडेला जरा फुटलेल्या. म्हणाला, 'एक तुझी. दम लागत नाही.' कुणी दिली ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी नको म्हणालो. त्यात शहाणपण नव्हतं, भीती होती. वडिलांना कळलं असतं तर त्यांनी सायकल विकली असती. त्याने दोन्ही चहाबरोबर घेतल्या.

शेवटच्या वळणापर्यंत आम्ही बरोबर होतो. मग तो गेला. त्याचं तोंड कोरडं पडलं होतं, ओठांवर पांढरं आलं होतं, डोळे विस्फारलेले, आणि पाय मात्र फिरतच होते. तो तिसरा आला, मी चौथा. पहिल्या तिघांना प्रमाणपत्र. त्याच प्रमाणपत्रावर पुढे त्याला खेळाडू कोट्यातून नोकरी लागली. मी आता रिक्षा चालवतो. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही, दोन मुलं शिकवली तिच्यावर. पण धाग्यात बासोंबद्दल वाचलं आणि काल रात्री झोप लागली नाही.

पिवळी_जर्सी दादा, तुम्ही म्हणता शिक्षा संपली की संपलं. ज्याला शिक्षा होते त्याचं संपतं हो. चौथ्याचं कुठे संपतं?

---

पिवळी_जर्सी
मंगळवार, सकाळी ९.४०

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्याकडे उत्तर नाही.

मत थोडं बदलतो. शर्यतीत परत येण्याचा हक्क मी अजूनही मान्य करतो. पण आता आठवून बघतोय तर इन्सब्रुकला चौथा टॉम दुमुलाँ होता, आणि त्या दिवशी मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. वाल्वेर्देने त्या दिवशी काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधारही नाही. पण तो २००६ बद्दल एकदा बोलला असता तर मला आज हा विचार करावाच लागला नसता.

---

चाकोरी
मंगळवार, दुपारी १२.०५

खोपोली_ते_खंडाळा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. एक विचारू? नको वाटलं तर सोडून द्या. तुमचा जोडीदार नंतर कधी त्या दिवसाबद्दल बोलला का?

रानवारा, मिलर राहिला ही माझी चूक. सिमेओनीचं एक सांगायचं राहिलं होतं. २००८ मध्ये तो इटलीचा राष्ट्रीय विजेता झाला. पुढच्या वर्षी जिरोच्या आयोजकांनी त्याच्या संघाला बोलावलं नाही, म्हणजे देशाचा विजेता देशाच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत नाही. त्याने ती तिरंगी जर्सी संघटनेला परत करून टाकली.

---

खोपोली_ते_खंडाळा
मंगळवार, रात्री ११.१५

चाकोरी, नाही बोलला. भांडण नाही आमचं. दिवाळीला घरी येतो, माझ्या धाकट्याची सायकल उलटी करून चेन बसवून देतो, गिअरला तेल घालतो, चहा घेतो. जुन्या सगळ्या शर्यती निघतात, कुठे पंक्चर झालं, कोण कुठे पडलं. ती एक निघत नाही. तो काढत नाही आणि मीही काढलेली नाही.

मला त्याची नोकरी नको आणि ते प्रमाणपत्रही नको. वयही राहिलं नाही. त्याने एकदा म्हणावं की त्या दिवशी तिसरा तू होतास, एवढंच.

पुढच्या महिन्यात त्याच्या पुतणीचं लग्न आहे गावाला. आदल्या रात्री आम्ही दोघंच मांडवात असतो, खुर्च्या मोजायला. तेव्हा विचारणार आहे.